नऊ किलोची यॉट: रबाळ्यातला शाफ्ट फुकेतला कसा अडकला

खरं तर बोटीचे सुटे भाग परदेशी पाठवायची ही केस माझ्या लाइनची नाही. मी कंटेनरवाला माणूस. न्हावा शेवाची शिपिंग बिलं (निर्यातीचे कस्टम्सचे कागद), बिल ऑफ एंट्री (आयातीचे), सीएफएसच्या म्हणजे कंटेनर गोदामांच्या चकरा यात अठरा वर्षं गेली, ऑफिस बेलापूरला, घर ऐरोलीला. आता कागदावर आम्हाला कस्टम्स ब्रोकर म्हणतात पण सगळे अजून सीएचए (कस्टम्स हाउस एजंट) असंच म्हणतात. तर एवढी वर्षं लोकांचा माल बाहेर काढून दिला आणि घरच्याच कामात तोंडावर पडलो, म्हणून सगळं सविस्तर लिहून काढतोय.

आमचे दाजी, म्हणजे ताईचे मिस्टर, मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनीअर म्हणून रिटायर झाले, राहतात ठाण्यात चरईत. त्यांच्या एका जुन्या कॅप्टनने, मूळ अलिबागकडचे, आता बरीच वर्षं सिंगापूरला, एक सेकंडहँड शिडाची बोट घेतली. ३८ फूट, फायबरची, नव्वदच्या दशकातली, सिंगापूरचं रजिस्ट्रेशन. बोट फिरत फिरत थायलंडमधल्या फुकेतला गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये संक्रांतीच्या उधाणाला तिथल्या एका यार्डात ट्रॅव्हल लिफ्टने (बोटी उचलायच्या क्रेनने) वर घेतली. उधाण म्हटलं कारण हे यार्ड खाडीच्या आत आहे आणि वाटेत एवढा गाळ की पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीलाच कीलवाली, म्हणजे तळाखाली खोल फळी असलेली, बोट आत-बाहेर होते, मधल्या दिवसांत नाही. हे नीट लक्षात ठेवा, पुढे याच्यावरच सगळं अडलं.

बोट वर घेतल्यावर दाजींना फोन आला. कॅप्टन म्हणाले, चीफ, चेनप्लेट्स बघून घे. चेनप्लेट म्हणजे डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारा जिथे बोटीला अडकतात त्या पट्ट्या. वरून चकाचक होत्या. काढल्या तर डेकमधून जाणारा जो भाग, जिथे सीलंटच्या आत पाणी अडकून राहतं आणि हवा पोचत नाही, तिथे केसाएवढ्या चिरा. स्टेनलेसचं असंच असतं, हवा लागली तर त्याच्यावरचा क्रोमियमचा पापुद्रा आपोआप भरून येतो, नाही लागली तर आतल्या आत कुरतडतं. आठपैकी तीन गेलेल्या, म्हणजे आठही बदलायच्या. प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे इंजिनपासून पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्यावर, खड्डे. इंजिनचा मिक्सिंग एल्बो, जिथे एक्झॉस्ट आणि समुद्राचं पाणी एकत्र होतं, तो कार्बनने जवळजवळ बुजलेला.

यार्डने कोटेशन दिलं, चेनप्लेट्सचे ५२,००० बाट, शाफ्टचे २४,००० बाट. तेव्हा बाट साधारण अडीच रुपये. दाजींनी आकडे ऐकले आणि त्यांच्यातला चीफ जागा झाला, "अरे रबाळ्याला आपला मिस्त्री आहे, याच्या निम्म्यात करून देईल, तू फक्त पाठवायचं बघ." 'फक्त' हा शब्द मी आता वर्षभर ऐकतोय ताईकडून.

मिस्त्रीकाकांचा गाळा रबाळे एमआयडीसीत. दोन लेथ, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल आणि कोपऱ्यात पितळी समईसमोर उदबत्ती. फुकेतहून कॅप्टनने जुन्या पट्ट्यांचे फोटो आणि पुठ्ठ्यावर उतरवलेला आकार स्कॅन करून पाठवला होता, भोकाचा साइझ पेनाने लिहिलेला, १२.५. काकांनी ड्रिल लावायला घेतलं आणि दाजींनी हात धरला. ही बोट जुनी, रिगिंग (डोलकाठीच्या तारा, पिना) इंचातलं असणार, अर्धा इंच म्हणजे १२.७ होतात. कॅप्टनला फोन केला, पिन व्हर्नियरमध्ये धरून फोटो पाठवा म्हटलं. आला फोटो, १२.६८. साडेबाराच्या भोकात ती पिन गेलीच नसती, मग तिथे यार्डात हातड्रिलने भोक मोठं करत बसले असते आणि आठ मिमी जाडीच्या ३१६ला (बोटीसाठी लागणारा स्टेनलेसचा ग्रेड) हातड्रिल म्हणजे बिट जळणार. काका म्हणाले, "मी त्यांनी लिहिलंय तेच मारत होतो साहेब." बरोबरच आहे त्यांचं. पण शाफ्ट मात्र मिलिमीटरमध्येच, ३० मिमी, टेपर (टोकाचा निमुळतेपणा) १:१०, कारण इंजिन नंतर कधीतरी बदललेलं होतं. एकाच बोटीत इंच आणि मिमी दोन्ही नांदतात, जुन्या घरात दोन पद्धतीचे स्विच बोर्ड असतात तसं.

मटेरियलवर दाजी अडून बसले. बाजारात ३१६ म्हणून ३०४ हा स्वस्तातला ग्रेड गळ्यात मारणारे आहेतच आणि लोहचुंबकाने ते कळत नाही, दोन्हीला चुंबक जेमतेमच लागतं. फरक मॉलिब्डेनमचा, ३१६ मध्ये २ ते ३ टक्के असतं, ३०४ मध्ये नसतं. काकांकडे ती छोटी बाटली होती, पट्टीवर थेंब टाकायचा, बॅटरीची तार लावायची आणि रंग बघायचा. शाफ्टच्या बारचं मात्र आम्ही मिल टेस्ट सर्टिफिकेट (स्टील बनवणाऱ्याचा दाखला) मागून घेतलं आणि लॅबमध्ये स्पेक्ट्रोही (धातूतले घटक मोजायची टेस्ट) करून घेतलं. तेव्हा मला वाटलं दाजी जरा अतिच करतायत. पुढे त्याच दोन कागदांनी वाचवलं.

८ फेब्रुवारीला सगळं तयार. चेनप्लेट्स ३१,००० रुपये, एल्बो १४,०००, पंपाचे इंपेलर आणि गॅस्केटचे किट ९,०००, शाफ्ट १८,५००. आता न्यायचं कसं?

इथे दाजींचं आणि माझं पहिलं वाजलं. दाजींच्या डोक्यात जहाज. तीस वर्षं त्यांनी बघितलंय की पेटी येते, वर लिहिलेलं असतं 'शिप्स स्पेअर्स इन ट्रान्झिट', एजंट ती सरळ गँगवेपर्यंत (जहाजाच्या शिडीपर्यंत) आणून देतो, ड्युटीबिटी काही नाही, चीफने सही करायची आणि चहा पाजायचा. त्यांचं म्हणणं, बोटीचंही तसंच, पेटीवर 'यॉट इन ट्रान्झिट' लिही, काम झालं.

जहाजाचं ते खरं आहे. आपल्या कस्टम्स ॲक्ट १९६२ मध्येही 'स्टोअर्स'ची व्याख्या आहे कलम २(३८) मध्ये, तिच्यात इंधन येतं, स्पेअर पार्ट येतात, लगेच बसवायचे असोत वा नसोत, आणि कलम ८५ ते ९० या स्टोअर्सबद्दलच आहेत. पण त्या सगळ्या सवलतीचा जीव कशात आहे तर जहाज परदेशात जाणारं आहे, आज ना उद्या निघणार आहे आणि माल कस्टम्सच्या नजरेखाली थेट त्याच्यावर चढतोय. आमची बोट कुठे होती? जमिनीवर, लाकडी ठोकळ्यांवर, मास्ट (डोलकाठी) काढलेला, थायलंडमध्ये तात्पुरत्या आयातीच्या कागदावर उभी. पेटी विमानतळावर उतरून कस्टम्स ओलांडून ट्रकने गावात जाणार. याला ट्रान्झिट कोण म्हणेल? दाजींना हे पटलं नाही, म्हणाले नौदलाच्या तारिणी या शिडाच्या बोटीचंही २०१८ ला जगप्रदक्षिणेच्या शेवटच्या टप्प्यात स्टिअरिंग बिघडलं, मॉरिशसला पोर्ट लुईसला थांबवून कामं केलीच ना. मी म्हटलं दाजी, तिच्या मागे अख्खं भारत सरकार होतं, आपल्या मागे ताई आहे.

शेवटी असं ठरलं की जे बॅगेत मावतं ते दाजी स्वतः घेऊन जातील आणि शाफ्ट एअर कार्गोने जाईल, कारण शाफ्ट १,५२० मिमी लांब. चेक-इन बॅगेची लांबी-रुंदी-उंची मिळून १५८ सेंटीमीटर धरतात, हा एकटाच लांबीत १५२. ओव्हरसाइझमध्ये घेतात काही एअरलाइन्स, पण आधी विचारून लेखी घ्यावं लागतं. दाजींनी फोनवर विचारलं, एकीने हो सांगितलं, दुसऱ्या दिवशी दुसरीने नाही सांगितलं. तिथे मी अजून दोन ईमेल टाकायला पाहिजे होते. नाही टाकले. सगळ्यात महाग पडलेला आळस तो हाच.

बॅगेची गोष्ट मात्र छान झाली, जवळजवळ. मी दाजींना तीन कागद करून दिले. मिस्त्रीकाकांचं बिल, प्रत्येक वस्तूचं वेगळं नाव, वजन आणि किंमत लिहून. बोटीच्या रजिस्ट्रेशनची आणि थायलंडमध्ये आल्याच्या एंट्रीच्या कागदाची कॉपी. आणि यार्डचं एका पानाचं पत्र, की ही बोट आमच्याकडे दुरुस्तीला उभी आहे आणि हे हे पार्ट हिलाच लागणार आहेत. शिवाय दाजींची स्वतःची हत्यारं होती, टॉर्क रेंच, डायल गेज, शाफ्ट अलाइनमेंटचा सेट, सगळं मिळून ६०,००० च्या पुढे. ती जाताना मुंबई एअरपोर्टच्या कस्टम्सला दाखवून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्यायला लावलं. नाहीतर येताना तुम्ही ही परदेशातून विकत आणलीत असं कुणी म्हटलं तर तेव्हाच्या नियमाने ५०,००० पर्यंत माफ आणि वरच्यावर ३८.५ टक्के. अर्धा तास जातो या सर्टिफिकेटला. लोक कंटाळा करतात आणि येताना वाद घालत बसतात.

जवळजवळ म्हटलं कारण दाजींनी मला न सांगता बॅगेत इपॉक्सीचा हार्डनर आणि प्रायमरचे दोन डबे टाकले होते. कॅप्टनने सांगितलं म्हणे, तिथे तो ब्रँड मिळत नाही. प्रायमर ज्वलनशील, हार्डनर संक्षारक, दोन्ही प्रवाशाच्या बॅगेत चालत नाहीत, ना वरच्या ना खालच्या. एक्स-रेवर नाव पुकारलं, बॅग उघडली, डबे गेले. साडेचार हजारांना चुना. पण डबे गेले याच्यापेक्षा वाईट म्हणजे बॅग उघडल्यावर त्या चेनप्लेट्स, एका टोकाला निमुळत्या आणि पॉलिश केलेल्या, बघून ती माणसं हे काय आहे म्हणून वीस मिनिटं विचारत राहिली. यार्डचं पत्र तिथे पहिल्यांदा कामाला आलं. हँडहेल्ड टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र दाजींनी नीट हातातल्या बॅगेत ठेवल्या होत्या, तेवढं जहाजावरचं ट्रेनिंग.

फुकेतला उतरल्यावर ग्रीन चॅनलचा, म्हणजे काही जाहीर न करता बाहेर पडायचा, मोह होतोच. थायलंडला प्रवाशाच्या सामानात २०,००० बाटपर्यंतच्या वैयक्तिक वस्तू माफ आहेत, आमची बेरीज झाली ५४,००० रुपये म्हणजे २१,६०० बाट. आणि समजा १९,००० झाले असते तरी आठ एकसारख्या स्टीलच्या पट्ट्या ही वैयक्तिक वस्तू आहे का, हे ठरवणारे आपण नसतो. दाजी रेड चॅनलला गेले. ऑफिसरने बिल बघितलं, बोटीचे कागद बघितले, एक चेनप्लेट हातात घेऊन उलटीपालटी केली, आत कुणाला तरी विचारून आला आणि एकूण ३,१०० बाट भरायला सांगितले. रीतसर पावती. चाळीस मिनिटं. दाजी मला फोनवर म्हणाले, "तुझ्यामुळे पावणेआठ हजार गेले." मी म्हटलं, पावती सांभाळा.

तो दिवस होता १२ फेब्रुवारी, त्यांची माखा बुचाची सुट्टी, यार्ड बंद. तेरा तारखेपासून काम सुरू. आठही चेनप्लेट बसल्या, भोकात पिन अशी गेली की कॅप्टनने व्हिडिओ पाठवला, पिन सोडल्यावर टक् असा आवाज येतो तो. मिस्त्रीकाकांनी तो व्हिडिओ गाळ्यातल्या सगळ्या पोरांना दाखवला.

आता शाफ्ट. एअर कार्गो म्हणजे एक्सपोर्ट आणि एक्सपोर्ट म्हणजे आयईसी (आयात-निर्यात कोड). मिस्त्रीकाकांकडे जीएसटी होतं, आयईसी नव्हतं. बाजारात लगेच सल्ला मिळतो की कुणाच्या तरी आयईसीवर टाका, गिफ्ट लिहा, ५० डॉलर व्हॅल्यू दाखवा. अठरा वर्षांत अशा 'टाका'वाल्यांच्या नोटिसांना उत्तरं लिहिण्यात माझी बरीच दुपार गेलीय, त्यामुळे नाही म्हटलं. डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर ५०० रुपये भरून आयईसी निघतो, काढला. आयजीएसटी न भरता पाठवायला एलयूटी (हमीपत्र) टाकलं. सहारच्या एअर कार्गोसाठी बँकेचा एडी कोड (एक्सपोर्टचे पैसे ज्या बँकेत येणार तिचा कोड) रजिस्टर केला, तिथे दोन दिवस बँकेने खाल्ले. कॅप्टनने पैसे सिंगापूरहून आधीच टीटीने (बँक ट्रान्सफरने) पाठवले. काका तर हरखून गेले, रबाळ्याच्या गाळ्यातून पहिला एक्सपोर्ट. पॅकिंगला त्यांनी जुन्या पॅलेटच्या फळ्यांची पेटी ठोकायला घेतली होती ती थांबवली, कच्च्या लाकडाला उष्णता प्रक्रियेचा आयएसपीएम-१५ चा शिक्का लागतो, नसेल तर माल तिकडे अडतो. प्लायवुडला ती अट नाही. म्हणून शाफ्ट पीव्हीसी पाइपात आणि पाइप प्लायच्या पेटीत, १७० बाय २० बाय २०. वजन नऊच्या आसपास, भाडं मात्र आकारमानावर, घन सेंटीमीटरला ६००० ने भागून साधारण सव्वाअकरा किलोचं. फॉरवर्डरने (माल पाठवून देणाऱ्या एजन्सीने) सगळं धरून १५,८०० सांगितले.

म्हणजे बघा, जे जे अवघड ते सगळं बरोबर केलं होतं.

शिपिंग बिल फाइल करायच्या आधी चेकलिस्ट येते. मसुदा असतो, एक्सपोर्टरने किंवा त्याच्या माणसाने वाचून 'ओके' म्हणायचं. एअर कार्गो माझं नेहमीचं नाही म्हणून तिथलं काम फॉरवर्डरच्या माणसाकडे दिलेलं आणि चेकलिस्ट काकांच्या वतीने मला व्हॉट्सॲपवर आली. मी तेव्हा ठाण्यात एका लग्नात, पंगतीत बसलेलो, एका हातात मठ्ठ्याचा ग्लास. पीडीएफ उघडली, काकांचं नाव बरोबर, जीएसटी नंबर बरोबर, किंमत बरोबर, वजन बरोबर. ओके टाकलं. मालाच्या वर्णनाच्या रकान्यात लिहिलेलं होतं 'बोट पार्ट्स – १ नग' आणि त्याच्यासमोर एचएसएन ८९०३.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. एचएस किंवा एचएसएन म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचे कोड, त्यातलं ८९ वं प्रकरण म्हणजे जहाजं आणि बोटी. ८९०३ म्हणजे यॉट आणि मौजमजेच्या बोटी. गंमत अशी की या प्रकरणात सुट्या भागांसाठी हेडिंगच नाही. मोटारीच्या पार्ट्सना ८७०८ आहे, विमानांच्या पार्ट्सनाही स्वतःची जागा आहे, पण बोटीचा पार्ट हा कस्टम्सच्या दृष्टीने बोटीचा नसतोच, तो ज्या जातीची वस्तू आहे त्या जातीत जातो. प्रोपेलर ८४८७ मध्ये, नांगर ७३१६, शीड ६३०६ मध्ये तंबू-ताडपत्रीच्या शेजारी, पंप ८४१३, तारेचा दोर ७३१२, लाइफ जॅकेट ६३०७ मध्ये आणि प्रोपेलर शाफ्ट ८४८३.१० म्हणजे ट्रान्समिशन शाफ्ट. त्यामुळे 'बोट पार्ट्स' असं लिहून ८९०३ टाकलं की कागदावर त्याचा अर्थ होतो अख्खी यॉट. नऊ किलोची, प्लायच्या पेटीतली.

आणि इथून ती सुखाने गेली! एक्सपोर्टला ड्युटी नाही, बंदी नाही, सिस्टीमने काही विचारलं नाही, एलईओ (माल बाहेर जाऊ द्यायची कस्टम्सची परवानगी) मिळाली, १५ फेब्रुवारीला विमानात. एक्सपोर्टची चूक इथे कधीच दिसत नाही, ती समोरच्या देशात उगवते. आमच्या कंटेनर लाइनलाही हेच, पण तिथे इम्पोर्टर रोजचा गडी असतो, तो आधीच ओरडतो. इथे इम्पोर्टर म्हणजे यार्डात सँडपेपर मारणारे कॅप्टन.

१७ ला पोचली, १८ ला होल्ड. कॅप्टनने तिथला एक क्लिअरिंग एजंट धरला, त्याने पहिल्याच फोनला मला विचारलं, इनव्हॉइसवर यॉट आहे, पेटीत पाइप आहे, मी डिक्लेअर काय करू? पुढचे प्रश्न ओळीने आले. ही वस्तू नवी की जुनी, कशाची बनलेली, कुठल्या बोटीची, ती बोट देशात कुठल्या कागदावर आहे, बोट परत जाणार तेव्हा ही वस्तू तिच्याबरोबर जाणार का. दाजींनी हौसेने पेटीवर स्केच पेनाने 'यॉट इन ट्रान्झिट' लिहून घेतलंच होतं काकांकडून, मला न सांगता, आणि त्याने अजूनच घोळ झाला. कारण ट्रान्झिट म्हटलं की त्याची वेगळी प्रक्रिया, गॅरंटी, बोटीवर चढवल्याचा पुरावा. एजंट म्हणाला एवढ्याशा वस्तूला ते करण्यात जेवढे पैसे जातील त्याच्यापेक्षा ड्युटी कमी आहे, सरळ आयात करू, पण कागद दुरुस्त करून द्या.

मग दुरुस्ती. काकांच्या लेटरहेडवर खुलासा आणि नवीन इनव्हॉइस, त्यातली ओळ इथे देतो कारण ही एक ओळ आधी लिहिली असती तर हा लेखच झाला नसता: 'प्रोपेलर शाफ्ट, स्टेनलेस स्टील ३१६एल, नवीन, व्यास ३० मिमी, लांबी १,५२० मिमी, एका टोकाला टेपर १:१० आणि चावीची खाच, शिडाच्या यॉटच्या डिझेल इंजिनसाठी, १ नग, एचएस ८४८३.१०, भारतात बनवलेला'. त्याच्यासोबत ड्रॉइंग, बारचं मिल टेस्ट सर्टिफिकेट, स्पेक्ट्रो रिपोर्ट, यार्डचं पत्र, बोटीचे कागद आणि दाजींची ती ३,१०० बाटची पावती, जिच्यावर याच बोटीचे पार्ट याच आठवड्यात रीतसर ड्युटी भरून आल्याचं होतं. एजंटचं म्हणणं की पावतीने फरक पडला, फाइल बघणाऱ्याला समोर एक सरळ गोष्ट दिसली. एअरवे बिलावरचं (विमानाने पाठवलेल्या मालाच्या पावतीवरचं) वर्णन बदलायला एअरलाइनकडून दुरुस्ती मागवली, त्यात तीन दिवस गेले कारण फॉरवर्डरचा माणूस 'हो सर करतो' म्हणायचा आणि करायचा नाही. इकडच्या शिपिंग बिलातला एचएसएन नंतर कस्टम्स ॲक्टच्या कलम १४९ खाली दुरुस्त केला. त्याला एक्सपोर्टच्या वेळी अस्तित्वात असलेलेच कागद पुरावा म्हणून चालतात, मागाहून बनवलेले नाही. मिल सर्टिफिकेट आणि ड्रॉइंगवर जानेवारीची तारीख होती म्हणून निभावलं.

२८ फेब्रुवारीला माल सुटला. नेमकी अमावास्या! उधाण तेव्हापासून पुढचे दोन-तीन दिवस. पेटी यार्डात पोचली १ मार्चला संध्याकाळी. शाफ्ट घालायचा, कटलस बेअरिंगमध्ये (पाण्यातल्या आधाराच्या बेअरिंगमध्ये) फिरतो का बघायचं, इंजिनला जोडणारं कपलिंग बसवायचं, सील, मग प्रोपेलरचा टेपर निळी शाई लावून घासून बसवायचा, दाजींसारखा माणूस हे एका रात्रीत करणार नाही आणि करूही नये. ते उधाण गेलं. बोट ठोकळ्यांवर अजून पंधरा दिवस, रोजचे ७०० बाट.

दाजी तोपर्यंत वैतागून गेले होते, रोज रात्री फोन. एकदा म्हणाले, "तू म्हणे एक्स्पर्ट." मी काही बोललो नाही. काय बोलणार, ओके माझंच होतं.

हिशोब सांगतो, कॅप्टनच्या वहीतून. शाफ्ट १८,५०० रुपये, पेटी २,२००, भाडं १५,८००, म्हणजे इकडचे ३६,५००. तिकडे ड्युटी आणि ७ टक्के व्हॅट मिळून १,७०० बाट, एजंट ६,५००, गोदामाचं भाडं ३,४००, एकूण ११,६०० बाट म्हणजे २९,०००. झाले ६५,५००. वर यार्डचे पंधरा दिवस, १०,५०० बाट, सव्वासव्वीस हजार. एकूण ९१,७५०. तिथल्या यार्डचं शाफ्टचं कोटेशन होतं २४,००० बाट, म्हणजे ६०,०००. बरं, ड्युटी-व्हॅट ज्याच्या भीतीने लोक लपवाछपवी करतात ती तिकडच्या खर्चात सगळ्यात लहान रक्कम आहे बघा.

चेनप्लेटचं उलटं. ३१,००० चा माल आणि ३,१०० बाटमधला तिचा वाटा धरला तरी १,३०,००० च्या कोटेशनसमोर चिल्लर. दाजींचं तिकीट कॅप्टनने तसंही काढलंच असतं. म्हणजे रबाळ्याला बनवून न्यायची कल्पना चुकीची नव्हती. लहान, जड, महाग आणि मापाला किचकट वस्तू माणसाच्या हाताने न्यावी, लांबलचक एकटी वस्तू तिथेच बनवावी, असं आता माझं मत झालंय. मिस्त्रीकाकांना हे मत मान्य नाही, त्यांना एक्सपोर्ट करायचाय.

कुणीतरी विचारलं की आसियान (आग्नेय आशियाई देशांचा गट) कराराचा फायदा का नाही घेतला. भारत-आसियान मालाचा करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे, फॉर्म एआय म्हणून मूळ देशाचं प्रमाणपत्र लागतं, ३५ टक्के मूल्यवर्धन आणि एचएस बदलला पाहिजे, आमच्या शाफ्टचा बदलतो कारण बार ७२२२ आणि शाफ्ट ८४८३. मिळालं असतं. पण व्हॅट काही माफ होत नाही आणि साडेअठरा हजारांच्या मालावर ड्युटीतली बचत म्हणजे तीन जणांच्या थाळीचे पैसे. कंटेनर असता तर मीच पहिला मागे लागलो असतो. दुसरा प्रश्न दाजींचाच, बोट शेजारी लंकावीला नेली असती तर? लंकावी १९८७ पासून ड्युटी फ्री बेट आहे मलेशियाचं, बोटवाले तिकडे त्यासाठीच जातात, हे खरं. पण शाफ्ट काढलेली, मास्ट उतरवलेली बोट नेणार कशी, डोक्यावर घेऊन?

बोट शेवटी होळीच्या पौर्णिमेच्या उधाणाला, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, १५ मार्चला पाण्यात उतरली. फायबरची बोट पाण्यात गेली की आकार किंचित बदलतो, म्हणून दाजींनी दोन दिवस थांबून अलाइनमेंट परत घेतली आणि मग कपलिंगचे बोल्ट शेवटचे आवळले. डायल गेजचा काटा दाखवणारा व्हिडिओ आला, काटा जेमतेम थरथरतोय. त्यात दाजींचा फक्त अंगठा दिसतो, ग्रीसने काळा, आणि मागे कॅप्टन कोकणीत काहीतरी ओरडतायत.

परत यायच्या आदल्या रात्री दाजींचा फोन, कॅप्टनचा इरिडियमचा सॅटेलाइट फोन चार्ज होत नाही, मी घेऊन येतो, लॅमिंग्टन रोडला दाखवू. मी अक्षरशः खुर्चीतून उठलो. आपल्याकडे परवानगीशिवाय इरिडियम, थुराया असलं काही आणणं म्हणजे एअरपोर्टवरून सरळ पोलीस स्टेशन, परदेशी पर्यटकांनाही सोडत नाहीत. बोटीवरच ठेवा म्हटलं, आत्ताच्या आत्ता बॅगेतून काढून कॅप्टनच्या हातात द्या आणि मला फोटो पाठवा. पाठवला. हत्यारांना मुंबईला कुणीतरी हटकलंच, एक्सपोर्ट सर्टिफिकेट दाखवलं, सीरियल नंबर जुळवले, पाच मिनिटांत बाहेर.

जुना शाफ्ट यार्डातच भंगारात दिला. काकांना तो सॅम्पल म्हणून हवा होता, मी नको म्हटलं. गेल्या आठवड्यात कॅप्टनचा मेसेज आलाय की आता नांगर ओढायचा विंडलास गेलाय, गिअर रबाळ्याला कापून मिळेल का. काकांनी मला विचारायच्या आधीच हो सांगितलंय. मी सध्या फक्त गिअरचं माप, वजन आणि मटेरियल लेखी मागवलंय, आणि फुकेतमध्येच तो तयार मिळतो का ते आधी बघायला सांगितलंय.